समासातली सुभद्रा

गोव्यातल्या पेडणे-डिचोलीकडच्या घरात जुनं नाटकाचं पुस्तक उघडलं की वाचायला सुरुवात करण्याआधी त्यातून काहीतरी खाली पडतं. कधी देवाच्या कौलाची वाळकी पाकळी, कधी जत्रेचं हँडबिल, कधी विजेचं बिल. पुस्तक फारच जुनं असलं तर पुस्तकच पडतं. मग घरातली मंडळी पानं गोळा करतात, कुठलं पान कुठल्या अंकातलं यावर दुसरा अंक रंगतो आणि कोणीतरी तरुण माणूस म्हणतो, "हे सगळं स्कॅन करूया की!"

स्कॅन म्हणजे हल्ली मोबाईलवर काढलेला फोटो. पुस्तक मांडीवर, मांडी सोप्यातल्या झोपाळ्यावर आणि झोपाळा चालू. यातून जी पीडीएफ निघते तिच्यात डावं पान एकीकडे झुकलेलं असतं, उजवं दुसरीकडे. मधे शिवणीचा काळा पट्टा. कडेला अंगठा. अंगठ्यापलीकडे शहाबादी लादी आणि लादीवर मांजर. ही पीडीएफ ग्रुपवर येते, वीसेक जण हात जोडतात आणि वाचत कोणीच नाही. क्वचित कोणी वाचलीच, तर दुसऱ्या दिवशी मान धरून बसलेल्या त्या माणसाला घरचे विचारतात, "रात्री उशी कुठली घेतलीस?"

माझे मामा डिचोलीचे. त्यांच्या माळ्यावर नाटकाची पेटी आहे. गोव्यात देवळाची जत्रा म्हणजे आधी पालखी आणि मग नाटक. दिवसभर घरात कोकणी बोलणारा माणूस रात्री तोंडाला रंग लावून अस्सल मराठीत भीष्मप्रतिज्ञा करतो, पहाटे तोंड धुऊन पुन्हा कोकणीत चहा मागतो, आणि यात वावगं असं कोणालाच काही वाटत नाही. अशा पन्नासेक वर्षांच्या जत्रा मामांच्या पेटीत कोंबलेल्या आहेत: 'सौभद्र', 'शारदा', 'मानापमान', 'एकच प्याला' यांच्या छापील प्रती आणि त्यांच्याखाली हातानं लिहिलेल्या नकला. (आम्हां पेडणेकरांचा दशावतार या भानगडीतून सुटला. दशावतारी नटाची भाषणं त्याच्या डोक्यात असतात. स्कॅन करायचंच तर त्याला आडवा झोपवून डोकं काचेवर ठेवावं लागेल.)

नक्कल ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. नटाला अख्खं नाटक द्यायची चैन परवडत नसे. त्याच्या वहीत फक्त त्याची भाषणं उतरवलेली असत आणि प्रत्येक भाषणाच्या आधी समोरच्या पात्राच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द, म्हणजे तोंड केव्हा उघडायचं ते कळावं. त्यामुळे अर्जुनाची नक्कल सलग वाचली तर अर्जुन पहिल्या अंकापासूनच भ्रमिष्ट झालाय असं वाटतं.

मामांचा नातू इंजिनीअरिंगला आहे. त्यानं पेटी बघितली, पानं मोजली आणि लगेच गणित मांडलं. एक पान हातानं सरळ करायचं, मग चारी कडा कापायच्या, याला दोन मिनिटं. दोनशे पानांच्या पुस्तकाला चारशे मिनिटं, म्हणजे साडेसहा तासांच्या वर. यात जेवण आणि दुपारची झोप मिळवली तर गोव्यात त्याचे तीन दिवस होतात. "काका, हे ऑटोमॅटिक झालं पाहिजे," तो मला म्हणाला. पुढची पिढी कष्टाळू नाही असं म्हणणाऱ्यांनी तिनं कष्ट टाळण्यासाठी घेतलेले कष्ट बघितलेले नाहीत.

आधी फोटो नीट निघायला हवेत. ती सोय मामांच्या घरातल्याच सामानातून झाली. पान सपाट बसलं नाही तर ओळी शिवणीकडे वळतात, आणि वळलेली ओळ नुसतं पान फिरवून सरळ होत नाही. त्यासाठी वर काच हवी. नातवानं थोरल्या आजोबांची तसबीर खाली उतरवून काच सोडवली. आजोबांनी हयातीत कुठल्याही पुस्तकाला हात लावल्याची नोंद नाही. ते शेवटी या मार्गानं वाङ्मयाच्या उपयोगी पडले. काचेत दिव्याचं प्रतिबिंब पडू नये म्हणून दिवे दोन्ही बाजूंनी तिरपे ठेवले. पातळ पानातून मागची अक्षरं दिसत होती, म्हणून प्रत्येक पानाखाली जुन्या छत्रीचं काळं कापड सरकवलं. काळ्यामुळे पलीकडचा मजकूर दबतो. हे काम मामीकडे आलं, कारण ती सोडून बाकी सगळे सल्लागार होते.

आता पान सरळ करण्याबद्दल. इथे आपली लिपी इतकी उपयोगी पडते की मला तरी अभिमान वाटला. पान किती कललंय हे संगणकाला वाचता येत नाही. तो ठिपके मोजतो. पानाच्या प्रत्येक आडव्या रांगेत काळे ठिपके किती, एवढंच. मग पान जराजरासं फिरवून तो पुन्हा मोजतो. ज्या कोनात काही रांगा गच्च भरलेल्या आणि मधल्या रांगा साफ रिकाम्या निघतात, तो कोन खरा. जुन्या रेडिओचं बटण केसभर इकडे, केसभर तिकडे करत पणजी केंद्र लावायचो, तसंच हे. रोमन लिपीत हा फरक बेताचाच असतो. देवनागरीत शिरोरेषा आहे, म्हणजे प्रत्येक ओळीच्या डोक्यावर काळी रेघ तयारच. पान नेमकं सरळ झालं की त्या रांगेत ठिपक्यांचा नुसता खच पडतो. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या चौधुरी आणि पाल यांनी १९९७ साली देवनागरी आणि बंगाली पानांचा कल या शिरोरेषेवरूनच शोधायची रीत मांडली. आमच्या बालवर्गातल्या बाई "आधी अक्षर, मग वर रेघ" म्हणून पट्टी उगारायच्या, तेव्हा त्या संगणकशास्त्राची पायाभरणी करताहेत हे त्यांनाही माहीत नव्हतं. मोडीवाले तर याहून पुढचे. ते आधी पानभर रेघ ओढून घेत आणि मग तिला अक्षरं लावत.

एवढ्याशा कलाचं काय घेऊन बसलात, असं मामांचं म्हणणं. दहा सेंटीमीटरची ओळ एका अंशानं कलली तर दुसऱ्या टोकाला ती पावणेदोन मिलिमीटर खाली येते. ३०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला तीनशे ठिपके) स्कॅन केलं असेल तर हे वीस ठिपके झाले. माणूस हे खपवून घेतो. पानावरची अक्षरं ओळखून मजकूर टाइप करून देणारा ओसीआर मात्र खालच्या ओळीचा रफार वरच्या ओळीच्या उकाराला जोडून मोकळा होतो, आणि मग कृष्ण सुभद्रेला जे बोलतो ते 'सौभद्र'कार किर्लोस्करांनी खचितच लिहिलेलं नसतं.

हाताच्या नकलेपुढे मात्र हे शास्त्र गुडघे टेकतं. छापखान्यातल्या ओळी सगळ्या एकाच बाजूला कलतात, कारण कललेलं असतं ते पान. नक्कल उतरवणाऱ्याची पहिली ओळ सरळ असते, दहावी चढणीला लागते आणि विसावी, म्हणजे रात्री बाराच्या सुमाराची, वर जाते की खाली हे तिलाच ठरवता येत नाही. संगणकाला मात्र सगळ्या पानाला मिळून एकच कोन लावता येतो, त्यामुळे जी एकच ओळ सरळ होती तीही वाकडी होते.

नातवानं 'स्कॅन टेलर' नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आणला. नाव बरोबर आहे, कारण तो शिंप्यासारखाच आधी मापं घेतो आणि कात्री सगळ्यात शेवटी चालवतो. पान उभं की आडवं ते बघायचं, जोडपान मधोमध फोडायचं, कल काढायचा, मजकुराभोवती चौकट आखायची, चौकटीभोवती समास सोडायचा आणि अखेरीला पानं बाहेर काढायची. हा क्रम मोडू नये. आधी कापून मग फिरवलं तर कोपरे जातात. फिरवणंही एकदाच, कारण दर वेळी ठिपके नव्यानं मांडले जातात आणि अक्षरं भुरकट होतात. डाव्या पानांचा कल एका दिशेला आणि उजव्यांचा दुसऱ्या दिशेला असतो, म्हणून सम आणि विषम पानांचे हिशेब वेगळे ठेवायचे. एका पानाला लावलेली मापं बाकीच्या सगळ्यांना एकदम लावता येतात. दोनशे पानांचं पुस्तक मामांची दुपारची झोप पुरी व्हायच्या आत चौकटीत बसलं.

मामा उठले, चहा घेतला आणि पडद्यासमोर येऊन बसले.

"हांगा आशिल्लें तें खंय गेलें?"

पान स्वच्छ होतं. अक्षरं काळीभोर, समास पांढरेशुभ्र. गेलं होतं ते समासातलं. प्रोग्रॅमला मजकूर म्हणजे छापलेला चौकोन एवढंच कळतं. कडेला पेन्सिलीनं खरडलेलं त्याच्या लेखी घाण. आता मामांच्या 'सौभद्रा'च्या समासात काय नव्हतं? पदाशेजारी सुराची पट्टी 'काळी एक', दुसऱ्या सुभद्रेसाठी ते खोडून 'पांढरी पाच'. 'इथे गॅसबत्ती गेली, पद पुन्हा.' 'सुभद्रेला सर्दी, दुसरं कडवं गाळणे.' 'बलरामानं गदा विंगेत ठेवू नये, पाय अडकतो.' एका पानावर नारळांचा हिशेब आणि त्याखाली तो चुकल्याबद्दल वेगळ्या अक्षरात शेरा. एका पानावर नुसतं 'टाळी', आणि पुढे कोणीतरी घातलेलं प्रश्नचिन्ह. एका सालची सुभद्रा पुढे मिशी ठेवून खाणीवर सुपरवायझर झाली. ती किती गोड गात होती याचा जगात उरलेला एकमेव लेखी पुरावा म्हणजे या समासातला 'वन्स मोअर'.

"तें कापूं नाका मरे!" मामा म्हणाले. "नाटक किर्लोस्करांचं आहे, ते कुठेही मिळेल. आमचं ते कडेचं आहे."

हे खरं आहे. 'सौभद्र' १८८२चं. किर्लोस्कर १८८५ साली गेले, 'शारदा'चे देवल १९१६ साली, 'एकच प्याला'चे गडकरी १९१९ साली, 'मानापमान'चे खाडिलकर १९४८ साली. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्याकडे हक्क संपतो, त्यामुळे ही सगळी नाटकं केव्हाचीच सार्वजनिक मालकीची झाली आणि त्यांच्या प्रती इतरत्र आहेतच. पण बलरामाचा पाय गदेत अडकल्याची बातमी फक्त डिचोलीच्या प्रतीत आहे. मोठ्या कामांचा रस्ता वेगळा असतो. गोवा विद्यापीठानं २०१३ साली कोकणी विश्वकोशाचे चारही खंड मुक्त परवान्याखाली खुले केले, ते काम नामी झालं. पण विश्वकोशाच्या समासात नारळाचा हिशेब नसतो.

खरा घोळ पुढेच झाला. पानांवर विड्याचे डाग होते, आणि खाणपट्ट्यातल्या रस्त्यावरचं घर म्हणून ट्रकांची लाल धूळही. खाणी २०१२ साली थांबल्या तरी धूळ पुस्तकातून उठून गेली नाही. नातवानं यावर फार हुशारीचा उपाय काढला. रंगीत चित्र लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन थरांचं असतं. त्यातला फक्त लाल थर घेतला तर लाल गोष्टी त्यात पांढऱ्या दिसतात आणि काळी शाई काळीच राहते. मग जपानच्या नोबुयुकी ओत्सु यांनी १९७९ साली सांगितलेल्या हिशेबानं कुठला ठिपका काळा धरायचा आणि कुठला पांढरा हे ठरवायचं. विडा गेला, धूळ गेली, पिवळेपणाही बराचसा गेला. नातू खूश. मामा वाचायला लागले आणि दुसऱ्या अंकात थबकले.

तालीम मास्तरांनी या प्रतीवर लाल पेन्सिलीनं काट मारलेली होती. संगीत नाटक सबंध करायचं म्हटलं तर सूर्य वर येईपर्यंत चालेल, म्हणून गावोगाव अशी काटछाट व्हायची. डागांबरोबर या लाल रेघाही पुसल्या गेल्या, आणि मास्तरांनी मारलेली पात्रं भराभर उठून बोलायला लागली. मास्तर फार कडक होते. पोर्तुगीज अमदानीत इथे साधी लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवून मगच छापता यायची. पण पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या माणसांनी कापलं नसेल इतकं आमच्या मास्तरांनी कापलं, असं मामा अजून सांगतात. मामांचा त्या वेळचा नारद तीन वाक्यांवर आला होता. लाल थरातल्या प्रतीत त्यांना आपलं अख्खं भाषण पुन्हा मिळालं. त्यांनी ते खुर्चीत बसूनच, तालासुरात, हातवाऱ्यांसह म्हणून घेतलं. मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे हरकत घ्यायला कोणी नव्हतं.

नातवाला हा गोंधळ वाटला. मला वाटलं, यंत्र जिथे चुकतं तिथेच खरी मजा असते, आणि अशी पानं हुडकायची एक फार कामाची युक्ती त्याच प्रोग्रॅममध्ये सापडली. स्कॅन टेलरमध्ये मजकुराच्या चौकटीच्या रुंदी-उंचीप्रमाणे पानं लावून बघता येतात. सगळी शहाणी पानं मधे एकसारखी येतात आणि टोकाला जमतात ती अडेलतट्टू. कुठे चौकट शिवणीच्या सावलीला मजकूर समजलेली, कुठे पानाचा आकडा बाहेर राहिलेला, कुठे पेन्सिलीची एखादी ठसठशीत नोंद आत ओढली गेल्यामुळे फुगलेली. म्हणजे दोनशे पानं तपासायची गरज नाही; दोन्ही टोकांची तेवढी हातानं बघायची. वाचायला सगळ्यात मजेची पानं नेमकी तिथेच असतात. एरवी पुस्तकातून रंगतदार पानं निवडून देणारं यंत्र अजून कोणी काढलेलं नाही. हे चुकून निघालं.

शेवटी प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती करायच्या असं ठरलं. एक वाचायची: सरळ, कापलेली, पांढरीशुभ्र, मोबाईलवर उघडणारी. दुसरी ठेवायची: रंगीत, कागदाच्या चारी कडा दिसतील अशी, डागांसकट, लाल काटेसकट. सरळ तीही करायची, पण कात्री कागदाच्या बाहेरून फिरवायची. डिस्कवर जागा जास्त लागते, अशी नातवाची तक्रार. माळ्यावरची पेटी हटली की केवढी जागा होईल, असं मामीचं उत्तर. ती पेटी हटणार नाही हे मामीसकट सगळ्यांना माहीत आहे.

या भूमीला छपाईचं कौतुक जुनं. आशियातलं पहिलं छापखान्याचं यंत्र १५५६ साली गोव्यात उतरलं. ते खरं निघालं होतं अबिसिनियाला. वाटेत गोवा लागला आणि इथेच राहिलं. पर्यटकांची ही सवय त्या यंत्रापासूनची. पुढे फादर थॉमस स्टीफन्सचं ओवीबद्ध मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोलला छापलं गेलं, मग १६४९ आणि १६५४ साली पुन्हा. तीन आवृत्त्या निघाल्या आणि त्यांतली एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो लोकांनी हातानं उतरून घेतलेल्या वह्यांमुळे. तेव्हा छापील ते टिकतं आणि वहीतलं ते जातं, हा भरवसा निदान गोव्यात तरी कोणी देऊ नये. मामांची पेटी यापुढे किरकोळ आहे हे मला कळतं. पण कसर आणि वाळवी पान खाण्याआधी वाङ्मयीन मूल्य बघत नाहीत.

आमच्या पेडण्यातही अशा पेट्या घरोघर आहेत. मोपाचा विमानतळ झाल्यापासून जुनी घरं मोडून नवी बांधायचा वेग वाढलाय, आणि माळा उतरवताना पहिली बाहेर फेकली जाते ती नाटकाची पेटी, कारण ती जड असते आणि आत दागिने नसतात.

म्हणून बार्देश-तिसवाडीपासून सावंतवाडीपर्यंत ज्यांच्या माळ्यावर अशी पेटी असेल त्यांना एवढंच सांगणं: ती पावसाळ्याआधी खाली काढा. जूननंतर पानं दमटपणानं फुगतात आणि मग आजोबांची काच ठेवली तरी सपाट बसत नाहीत. ३०० डीपीआयच्या खाली जाऊ नका. अंगठा चौकटीबाहेर ठेवा. आधी सरळ करा, मग कापा. आणि कापून झालं की नातवाला मूळ फोटो डिलीट करू देऊ नका, तो जागेची कितीही तक्रार करू दे.